नाक वर

गाडी तीच, आठ वर्षांची,
आरगच्या मळ्यातनं पानांचे डप्पे
मिरजेला पोचवणारी.
शीतलनं, माझ्या पुतण्यानं, तिचं नाक वर केलं.
दोन इंच.
पुढच्या स्प्रिंगांच्या डोक्यावर दोन काळ्या चकत्या
कोल्हापुरातनं बसवून आणल्या,
आणि अंगणात लांब उभा राहून म्हणाला,
काका, आता कशी लेव्हलला दिसती बघा.
दिसत होती. खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला
स्टेअरिंग हातात आलं ते वाकडंच,
सरळ जायचं तर घड्याळात अकरा वाजल्यासारखं धरायचं.
रस्ता सरळ, गाडी डावीकडं शेताकडं बघत.
वळण घेतलं तर चाक आपणहून परत येईना,
रुसलेल्या पाहुण्याला उठवावं तसं
दर वळणाला ओढून आणायचं.
समोरचे ट्रकवाले लाईट मारत शिव्या देत गेले,
माझा उजेड त्यांच्या डोळ्यांत,
उरलेला चिंचेच्या शेंड्यावर.
आणि गतिरोधक उतरलं की पुढनं
टक.

महिना काढला असा.
टायर बाहेरच्या कडेनं खरवडल्यासारखा झाला,
हात फिरवला तर एकीकडनं गुळगुळीत, उलटा फिरवला तर करवत.

इलाही मुजावर कुणाला लगेच काही सांगत नाही.
आधी हवा बघितली, चारी चाकांची.
मग जॅक लावला, चाक वर-खाली हलवलं,
मग डावं-उजवं,
डोळे मिटून, नाडी बघतात तसं.
बॉल जॉइंट ठीक. टाय रॉडचं टोक जरा सैल.
मग म्हणाला,
सायकलचा चिमटा सरळ खाली जातो का रे? पुढं झुकतो ना?
म्हणून तर हात सोडून चालवता येती.
तू नाक उचललंस, हिचा झुकाव गेला.
आता हिला सरळ म्हंजे काय तेच आठवंना.

मी नाही, पुतण्यानं, म्हणालो.
तो हसला नाही.

रिकामी हाय ना आत्ता? त्यानं विचारलं.
कंपनीनं पुढनं खाली, मागनं उंच केली
ती काय डोळं झाकून?
माल चढला की मागचं बसतं, तवा ती समान होती.
तुम्ही रिकामी असताना समान केली.
भरल्यावर ती आभाळाकडं बघणार, दुसरं काय.

हौदात पाना पडल्याचा आवाज आला.
मी माझ्या गाडीकडं पाहिलं.
आठ वर्षं ती मान खाली घालून उभी असायची अंगणात,
मला वाटायचं, थकलीय.

शीतलला फोन लावला. चकत्या काढायच्या म्हणालो.
तिकडं बराच वेळ नुसती मोटर चालल्याचा आवाज.
मग, थोड्या तरी राहू द्या काका.
इलाहीनं ऐकलं, हातानं अर्ध्या इंचाची खूण केली.
पातळ चकत्या मिळाल्या शेजारच्या गाळ्यात.
टाय रॉडचं टोक नवं घातलं,
मशीनवर गाडी चढली,
तांबडे आकडे एकेक करून हिरवे झाले,
एक सोडून.
तो झुकाव पुरता येत नाही आता, इलाही म्हणाला,
पण चालंल. दिव्यांचे स्क्रू तेवढे खाली फिरव,
भिंतीवर बघून, माल भरून.

तानंगच्या अलीकडं रस्ता मोकळा होता.
मी हात सोडले.
एक, दोन, तीन, चार,
पाचला ती किंचित डावीकडं सरकली
आणि थांबली, जणू कुणी हाक मारली.

गतिरोधकावर परत
टक.
बारीक. मागच्यापेक्षा बारीक.
इलाहीला फोन करावा म्हणून गाडी बाजूला घेतली,
मग डप्प्यांवरचा ओला गोणपाट सरळ केला
आणि निघालो.